चव्वेचाळिसावी फाइल

हे मी रचलेलं नाही.

रचायचंच असतं तर कॉम्प्युटरच्या फाइलींवर कशाला रचलं असतं? भुताटकीला काय जागा कमी आहेत? तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे जमणार नाही.

तारीख सांगतो. २४ ऑगस्ट २०२४, शनिवार. वेळ दुपारची, सव्वाचार. जागा ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरचं बर्नी गाव, समुद्राकडे तोंड केलेली चढावरची गल्ली, डेस पास्कोचं घर. रात्र नव्हती, अंधार नव्हता. इथे ऑगस्ट म्हणजे हिवाळा; बाहेर थंडीतलं स्वच्छ ऊन पडलं होतं आणि शेजारचा माणूस गाडी धूत होता.

मी इथे एकोणीस वर्षं राहतोय. त्यातली अकरा वर्षं डेसला ओळखतो. दर गुरुवारी लायब्ररीत आमचा कॉम्प्युटर क्लब भरतो. बहुतेक सगळे रिटायर झालेले. मी त्यांच्यात सगळ्यात लहान, म्हणून चहा माझ्याकडे.

डेस कागदाच्या गिरणीत इलेक्ट्रिशियन होता. हात सोन्याचे, पण एक खोड वाईट. हातातलं सॉफ्टवेअर नीट चालायला लागलं की त्याचं मन त्यावरून उडायचं. नोट्स लिहायचं सॉफ्टवेअर त्यानं एका वर्षात चार वेळा बदललं. फोटोंचं तीनदा. अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम तर तो घरातल्या पडद्यांसारखी बदलायचा. दर वेळी सगळ्या फाइली इकडून तिकडे. दर वेळी दोन-चार हरवायच्या, दहा-वीस दुहेरी व्हायच्या, आणि मग हा गुरुवारी डोकं धरून आमच्यासमोर बसायचा.

आयव्हर हा आमच्यातला खवचट. जन्मभर बोटीवर नोकरी केलेला माणूस. त्याचा एकच कॉम्प्युटर, तोही बारा वर्षं जुना. जे जपायचं ते पेनड्राइव्हवर हाताने कॉपी करायचं, वर मार्करने नाव लिहायचं आणि बिस्किटाच्या डब्यात टाकायचं. तो डेसला म्हणायचा, "लेका, तू फाइली ठेवत नाहीस. त्यांना फिरायला नेतोस."

डेस हसून सोडून द्यायचा. त्याचा सिंकवर फार विश्वास. एका कॉम्प्युटरवर काही ठेवलं की ते बाकीच्या कॉम्प्युटरांवर आपोआप जातं, कुठे काही बदललं की सगळीकडे बदलतं. हाताने कॉपी करणं त्याला अडाणीपणा वाटायचा.

आता लॉर्नाबद्दल सांगायला हवं.

लॉर्ना डेसची बायको. शाळेच्या कँटीनमध्ये सव्वीस वर्षं काढलेली बाई. हसली की पलीकडच्या दोन घरांत ऐकू जायचं. आवाज जरा घोगरा. फोनवर अनोळखी लोक तिला "साहेब" म्हणायचे आणि ती ते खपवून घ्यायची.

२०२३च्या मार्चमध्ये तिची जीभ जड व्हायला लागली.

आधी वाटलं दाताचं काही असेल. मग कळलं, मोटर न्यूरॉनचा आजार. एकेक स्नायू निकामी होत जातो. तिच्या बाबतीत सुरुवात जिभेपासून झाली होती. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. आधी आवाज जाईल, बाकीचं नंतर.

हॉस्पिटलातल्या एका बाईने सुचवलं, बोलता येतंय तोवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा.

लॉर्नाने ते मनावर घेतलं. त्यांची मुलगी टॅम्सिन होबार्टला असते. लहानपणी तिला झोपवताना लॉर्ना स्वतःच्या डोक्यातल्या गोष्टी सांगायची. टॅम्सिनला अजून मूलबाळ नव्हतं, पण होईल तेव्हा त्या पोराला आजीचा आवाज माहीत असावा, एवढंच लॉर्नाचं म्हणणं. रोज दुपारी सव्वाचारला ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी तिचा लॅपटॉप उघडायची आणि एक गोष्ट सांगायची. तेवढ्यासाठी दिवसभर तोंड मिटून राहायची. आवाज साठवायची.

अशा त्रेचाळीस फाइली झाल्या.

शेवटच्या काही ऐकवत नाहीत, असं डेस म्हणायचा. शब्द एकमेकांत मिसळलेले. पण तिने सोडलं नाही.

फाइली सांभाळायचं काम डेसचं. तो खुशीत कामाला लागला. जुना कॉम्प्युटर, बाहेरची डिस्क, लॉर्नाचा लॅपटॉप, तिन्ही सिंकला जोडले. संध्याकाळी ती कधी त्याच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहायची. काहीतरी सांगायचं असायचं. आणि हा पडद्यावरून नजर न काढता म्हणायचा, "थांब गं, एवढं सिंक होऊ दे. आणि आवाज असा वाया घालवू नकोस. रेकॉर्डिंगमध्ये बोल."

हे त्यानं स्वतः मला सांगितलं. सांगताना ढसाढसा रडला. बहात्तर वर्षांचा माणूस.

२०२४च्या फेब्रुवारीत दोघं ग्रेट लेक या तळ्याच्या काठी त्यांच्या शॅकवर, म्हणजे सुट्टीच्या घरात, जाऊन राहिली. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर. वीज नाही, जनरेटर लावावा लागतो. फोनला रेंज नाही, मग इंटरनेटची बातच सोडा. तोवर लॉर्नाचं बोलणं कुणालाच कळत नव्हतं. ती पाटीवर लिहायची. लॅपटॉप मात्र तिने हट्टाने बरोबर नेला होता. डेस बोटीतून ट्राऊट मासे धरायला जायचा, ती आत बसायची. परत निघताना लॅपटॉप तिने उशीच्या अभ्र्यात गुंडाळून तिथल्याच कपाटात ठेवला. पुढच्या वेळी लागेल म्हणून.

पुढची वेळ आली नाही. मेच्या अकरा तारखेला लॉर्ना गेली.

जूनमध्ये टॅम्सिनचा फोन आला. तिला दिवस गेले होते. आनंद सांगता सांगता ती रडायला लागली आणि मग तिने विचारलं, "डॅड, आईच्या गोष्टी नीट आहेत ना?"

"तीन ठिकाणी आहेत, पोरी," डेस म्हणाला. "काळजीच करू नकोस."

एक सप्टेंबरला इथला फादर्स डे होता. त्या दिवशी ती येणार आणि फाइली घेऊन जाणार, असं ठरलं.

मुलगी येणार म्हटल्यावर डेसला स्वस्थ बसवेना. जुना कॉम्प्युटर रडतखडत चालतोय, त्यावर आईच्या गोष्टी कशा द्यायच्या? त्यानं नवा घेतला. त्यावर कुठली सिस्टिम टाकायची यावर क्लबात दोन गुरुवार वाद झाला. आयव्हर म्हणाला, "आधी त्या गोष्टी एका पेनड्राइव्हवर घे. मग काय हवा तो गोंधळ घाल." डेसनं ऐकल्यासारखं केलं.

चोवीस ऑगस्टच्या सकाळी त्यानं नवा कॉम्प्युटर मांडला. सिस्टिम टाकली, सिंक बसवलं. नवीन मशीन जोडताना ते सिंक एकच प्रश्न विचारतं. कुठल्या मशीनवरचा फोल्डर खरा धरायचा?

डेसनं घाईत नव्याच्या नावावर क्लिक केलं.

नवा फोल्डर रिकामा होता. रिकामा हाच खरा. सगळीकडे सारखं करायचं म्हणजे सगळीकडे रिकामं.

तीन मिनिटं लागली. जुन्या कॉम्प्युटरवर काही उरलं नाही. बाहेरची डिस्क काढून ठेवायची ती त्यानं लावलेलीच ठेवली होती. तिच्यावरही काही उरलं नाही. गेलेल्या फाइली परत आणायची जेवढी सॉफ्टवेअरं माहीत होती तेवढी त्यानं चालवली. जेवला नाही. दुपारचे साडेतीन वाजले. एकही फाइल परत आली नाही.

लॉर्नाचा आवाज आता जगात कुठेच नव्हता.

फोनवरचे तिचे निरोप त्यानं कधीच ठेवले नव्हते. व्हिडिओत ती नेहमी कॅमेऱ्यामागे असायची. जे होतं ते त्या त्रेचाळीस फाइलींत.

आणि मग त्याला शॅकवरचा लॅपटॉप आठवला.

तो फेब्रुवारीपासून बंद होता. त्याला आजचा गोंधळ कळलेलाच नव्हता. त्याच्यावर सगळं जसंच्या तसं असणार. फक्त एक काळजी घ्यायची होती. तो लॅपटॉप इंटरनेटला लागता कामा नये. लागला की त्यालाही तोच हुकूम मिळणार, रिकामा हो. पण शॅकवर इंटरनेट आहेच कुठे? तिथेच उघडायचा, तिथेच कॉपी करून घ्यायची.

त्यानं आयव्हरला फोन केला. शॅक उंच डोंगरात, तिथे बर्फ होतं आणि आयव्हरकडे चारही चाकं ओढणारी गाडी होती. सकाळी निघायचं ठरलं. डेसच्या जिवात जीव आला. त्यानं चहा टाकला आणि कप घेऊन नव्या कॉम्प्युटरसमोर येऊन बसला.

पडद्यावर सिंकची यादी उघडी होती. चार नावं. नवा, जुना, डिस्क आणि लॉर्ना. पहिल्या तिघांपुढे हिरवा ठिपका. लॉर्नापुढे करडा. खाली बारीक अक्षरांत, शेवटचं जोडलं गेलं ते तीन फेब्रुवारीला.

सव्वाचार वाजले.

आणि...

लॉर्नापुढचा ठिपका हिरवा झाला.

डेसला वाटलं डोळे दमलेत. चष्मा पुसला. ठिपका हिरवाच. शेजारी ओळ आली. काढून टाकायच्या फाइली, त्रेचाळीस.

मग बेचाळीस.

त्यानं इंटरनेटची केबल उपटली. राउटर बंद केला. घरात आता कुठेच इंटरनेट नव्हतं.

एक्केचाळीस.

शॅक तिथून दोन तासांवर. वीज नाही. दाराला कुलूप, किल्ली इथे खिळ्यावर.

चाळीस.

त्यानं भिंतीतला प्लग काढला. पडदा काळा झाला. घरात एकदम शांत झालं. शेजारच्या गाडीवरचा पाण्याचा फवारासुद्धा थांबला होता. दोन मिनिटं तो तसाच उभा राहिला. मग त्यानं प्लग परत लावला. केबल बाहेरच होती. कॉम्प्युटर चालू झाला, यादी उघडली...

लॉर्ना. हिरवा. उरलेल्या, एकतीस.

मग मात्र त्याचा धीर सुटला. तो पडद्याशी बोलायला लागला. बायकोशी बोलतात तसं. "लॉर्ना, बंद कर तो. झाकण लाव. ऐक माझं, लॉर्ना, बंद कर."

आकडा उतरत राहिला. वीस. बारा. चार.

शून्य.

डेस मला म्हणाला, तिचा शेवटचा श्वास गेला तेव्हाही त्याला इतकं वाईट वाटलं नव्हतं. तेव्हा निदान त्याचा हात तिच्या हातात होता.

चार वाजून एकतीस मिनिटांनी पडद्यावर आणखी एक ओळ आली...

नवीन फाइल, एक. लॉर्नाकडून.

नाव होतं, ४४.

डेस म्हणतो, पाच मिनिटं त्यानं माऊसला हात लावला नाही. मग ती फाइल चालू केली. एक मिनिट दहा सेकंदांची होती.

आधी काहीच नाही. मग पत्र्यावरून वाहणारा वारा. शॅकचा पत्रा. त्यानं तीस वर्षं ऐकलेला. मग गॅसवरची किटली, उकळायच्या आधी करते तो आवाज. खुर्ची करकरली.

मग...

ती बोलली.

जड जिभेने नाही. आजाराच्या आधीचा तिचा आवाज. स्वच्छ, जरा घोगरा.

"मेरिन, झोपलीस का गं? नाही ना? मग ऐक. एक वॉम्बॅट होता. त्याला एकदा स्वतःचं बीळच सापडेना..."

तिथे फाइल संपत होती.

मेरिन कोण? डेसला काही कळेना. नात्यात कुणी मेरिन नव्हती, ओळखीतही नव्हती. शिवाय फेब्रुवारीत त्या शॅकवर लॉर्नाला धड पाणी मागता येत नव्हतं. हा आवाज कुठल्या दिवशीचा?

सकाळी आयव्हर आणि तो निघाले. डेलोरेन गाव सोडल्यावर घाटात बर्फ लागलं. शॅकच्या दारासमोर गुडघाभर बर्फ होतं. त्यावर एकही पाऊल नाही, माणसाचं नाही की जनावराचं नाही. कुलूप गंजलेलं. उघडायलाच दहा मिनिटं गेली. कपाटात लॅपटॉप अभ्र्यात गुंडाळलेला, तसाच. दगडासारखा गार. बॅटरी ठार मेलेली.

जनरेटर लावला. अर्ध्या तासाने लॅपटॉप चालू झाला. फोल्डर उघडला...

रिकामा.

शेवटचा बदल, काल, चार एकतीस.

डेसनं हे दाखवलं तेव्हा आयव्हरनं जाऊन जनरेटर बंद केला. डेलोरेनला त्यानं दोघांसाठी खिम्याचे पॅटिस घेतले आणि दोघंही ते मांडीवर ठेवून गाडीत बसून राहिले. गप्प बसलेला आयव्हर डेसनं पहिल्यांदाच पाहिला.

फादर्स डेला टॅम्सिन आली. केक घेऊन आली होती. डेसनं तिला दारातच सगळं सांगून टाकलं. धीर तेवढाच होता, आत जाईपर्यंत टिकला नसता.

"तीन ठिकाणी आहेत म्हणाला होतास," ती म्हणाली.

"होत्या."

"मग?"

"तिन्ही ठिकाणी सारखं झालं, पोरी."

टॅम्सिन आवाज चढवणारी मुलगी नाही. तिने केक टेबलावर ठेवला. म्हणाली, "आई एकदा गेली ती आजाराने. दुसऱ्यांदा तू घालवलीस, डॅड."

त्यानं एवढंच सांगितलं की एक फाइल आलीय, ती ऐक. कशी आली ते विचारू नकोस, मला सांगता येणार नाही.

टॅम्सिन बसली. वारा, किटली, खुर्ची. मग आईचा आवाज. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आणि मग ते नाव आलं.

तिचा हात पोटावर गेला.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"मुलगी आहे हे मला मंगळवारी कळलं. डॉक्टरांकडून निघून गाडीत एकटी बसले होते. तेव्हा नाव ठरवलं, मेरिन. मी अजून नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, डॅड."

मंगळवारी म्हणजे सत्तावीसला. फाइल आली होती चोवीसला.

त्या दोघांनी मग काय केलं असेल ते तुम्हीच समजा. डेस म्हणाला, आम्ही ती फाइल संध्याकाळपर्यंत ऐकत होतो आणि केक तसाच राहिला. निघताना टॅम्सिनने तिची कॉपी पेनड्राइव्हवर घेतली आणि स्वतःच्या लॅपटॉपवर लावून बघितली. एक मिनिट दहा सेकंद. वारा होता, किटली होती, खुर्ची करकरत होती.

पण आवाज नव्हता...

तीनदा कॉपी केली. तीनदा तेच. लॉर्ना फक्त त्या एका कॉम्प्युटरवर बोलत होती. आयुष्यभर सगळं तीन-तीन ठिकाणी ठेवणाऱ्या माणसाकडे आता एक गोष्ट होती, जी एकाच ठिकाणी राहणार होती.

त्यानंतर डेसनं त्या मशीनला काहीही केलं नाही. एक अपडेटसुद्धा घेतलं नाही. रोज पडद्यावर विचारणा येते आणि रोज तो "नंतर" दाबतो. बंद तर तो करतच नाही. क्लबात यायचाही कमी झाला.

पुढच्या शनिवारी, सव्वाचारला, तो सहज त्या फाइलकडे बघत होता...

लांबी बदलली. एक मिनिट बत्तीस सेकंद.

गोष्ट पुढे गेली होती. वॉम्बॅटला वाटेत बगळा भेटला होता.

त्यानंतर दर शनिवारी तसंच. कधी वीस सेकंद, कधी दहा. डेस शनिवारची वाट बघायला लागला. दुपारी दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा, फोन बंद करून बसायचा. लग्नानंतर इतका वेळ मी तिच्याजवळ कधी बसलो नव्हतो, असं म्हणायचा. ऑक्टोबरमध्ये त्यानं मला हे पहिल्यांदा सांगितलं. माझा विश्वास बसला नाही. बायको गेलेल्या माणसाचं असं होतं, म्हणून मी मान हलवली.

डिसेंबरपासून त्या आवाजात फरक पडला.

आधी डेसच्याच लक्षात आला. दुसऱ्या कुणाच्या आला नसता. एका शब्दावर ती किंचित अडखळली. पुढच्या शनिवारी दोन शब्दांवर. हे डेसनं आधी पाहिलेलं होतं. मार्चमध्ये असंच सुरू झालं होतं. आता पुढे काय काय होणार, कुठल्या क्रमाने होणार, सगळं त्याला पाठ होतं.

बाळ फेब्रुवारीत झालं. मुलगीच. नाव मेरिन. एप्रिलमध्ये टॅम्सिन तिला घेऊन आली, शनिवारी, मुद्दाम. आजीचा आवाज ऐकवला. पोर एरवी क्षणभर गप्प राहायची नाही, तेव्हा मात्र पडद्याकडे तोंड करून निश्चल पडून राहिली. अर्ध्यात टॅम्सिनच उठली. अंगणात जाऊन उभी राहिली.

"आईला त्रास होतोय, डॅड," ती म्हणाली. "तुला ऐकू येत नाही का?"

ती अजूनही येते. शनिवारी येत नाही.

सप्टेंबरात डेसनं मला बोलावलं. म्हणाला, एकदा तू येऊन बघ. मला वेड लागलंय की नाही एवढं सांग. मी गेलो. चारला पाच मिनिटं कमी होती. खोली स्वच्छ, फुलदाणीत फुलं. कॉम्प्युटरचा पंखा बारीक आवाजात फिरत होता. फाइलची लांबी त्यानं बोटानं दाखवली, अकरा मिनिटं चाळीस सेकंद. शेवटचा तुकडा त्यानं मला ऐकवला.

मी लॉर्नाला ओळखत होतो. तिच्या हातचे पॅटी पॅन, म्हणजे छोटे कपकेक, खाल्लेत मी.

तीच होती. पण शब्द ओळखू येत नव्हते. जीभ उचलायची धडपड ऐकू येत होती, आणि मधे मधे श्वास. गोष्ट अजून चालू होती की संपली होती, कळायला मार्ग नव्हता. मला ते ऐकवेना. मी खाली बघत बसलो.

सव्वाचार झाले.

मी पडद्याकडेच बघत होतो. डेसनं माऊसला हात लावलेला नव्हता. इंटरनेटची केबल टेबलाखाली वेटोळं होऊन पडली होती...

अकरा चाळीसचं अकरा बेचाळीस झालं.

दोन सेकंद.

डेसनं हेडफोन घातले. मला दिले नाहीत. डोळे मिटून ऐकलं. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि खिडकीबाहेर बघितलं. खाली समुद्रात एक मालवाहू बोट धक्क्याला लागत होती.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"पुरे, म्हणते."

"कळलं स्पष्ट?"

"चाळीस वर्षांचा संसार आहे रे. कळलं."

मी विचारलं, "मग?"

"उद्या बंद करतो," डेस म्हणाला.

त्याला सात महिने झाले.

कॉम्प्युटर चालू आहे. मी गुरुवारी त्याच्या घरावरून क्लबात जातो, तेव्हा खिडकीतून पडद्याचा उजेड दिसतो. फाइल अजून वाढते, असं तो सांगतो. दर शनिवारी दोन सेकंद. आता त्यात शब्द नसतात. पत्र्यावरचा वारा असतो आणि एक श्वास. तो घेताना तिला किती कष्ट पडतात ते त्याला ऐकू येतं.

मागच्या आठवड्यात मी त्याला विचारलंच. म्हटलं, डेस, ती पुरे म्हणाली ना?

तो माझ्यावर चिडला नाही. म्हणाला, "ती होती तेव्हा बोलायला यायची, मी ऐकलं नाही. आता पुरे म्हणते, तेही ऐकत नाही. मला कळतं सगळं. पण हात जात नाही रे."

मी इलेक्ट्रिशियन नाही. तरी प्लग काढायला कुणी इलेक्ट्रिशियन लागत नाही. त्याच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असते, तो बाहेरगावी गेला की मी कुंड्यांना पाणी घालतो. एक-दोनदा माझ्या मनात आलं. पण मी प्लग काढला आणि तरीही तो ठिपका हिरवाच राहिला तर?

आज शनिवार आहे. सव्वाचार वाजून गेलेत. फाइल आजही वाढली का, हे विचारायला मी अजून डेसला फोन केलेला नाही.